दोन हजार वर्षांचे वाक्य

बायकांना वय आणि पुरुषांना पगार विचारू नये, असा एक जुना संकेत आहे. त्यात मी तिसऱ्या एका प्रश्नाची भर घालू इच्छिते. एखाद्या कलेवर जीव टाकणाऱ्या माणसाला त्या कलेचे वय विचारू नये. बाई आपले वय दोन-चार वर्षांनी कमी सांगते आणि जन्मभर थट्टेचा विषय होते. पण हा भक्त आपल्या कलेचे वय हजार-पाचशे वर्षांनी सहज वाढवतो, आणि ऐकणारे वर माना डोलावतात! आपल्याकडे देऊळ जरा पडके असले की ते पांडवकालीन ठरते. दोन पिढ्यांपूर्वी निघालेले चिवड्याचे दुकान पाटीवर 'पुरातन' होऊन बसते. जुने ते सोने हे खरेच. पण सोन्याची हौस फार असली की माणूस पितळही चिंचेने घासून देव्हाऱ्यात ठेवतो.

मला या विषयात शिरण्याचे तसे काही कारण नव्हते. मी कॉलेजात मराठी शिकवते. मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे शेजारपाजारचे लोक जी कामे घेऊन येतात, ती ठरलेली असतात. कुणाच्या मुंजीची पत्रिका, कुणाच्या निवृत्तीचे मानपत्र, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दलचा खरमरीत अर्ज. "तुम्हांला काय, मॅडम, दोन मिनिटांचं काम!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्या दोन-दोन मिनिटांची बेरीज केली तर एखादा प्रबंध सहज लिहून झाला असता. गेल्या वर्षी या कामांत एका माहितीपुस्तिकेची भर पडली, आणि ती दोन मिनिटांची मात्र मुळीच निघाली नाही.

आमची धाकटी तीन वर्षे तायक्वांदो शिकते आहे. एकोणतीसचा पाढा म्हणताना जिची गाडी तीन स्टेशनांवर थांबते, ती मुलगी "हाना, दुल, सेत, नेत" असे कोरियन आकडे मात्र लाथेगणिक बिनचूक म्हणते. पांढऱ्या गणवेशाला ती 'दोबोक' म्हणते आणि वर्गाच्या जागेला 'दोजांग'. आमच्या भागातल्या एका सभागृहात तीन वर्ग चालतात. आमच्या मुलीचा वर्ग ऑलिंपिकमध्ये खेळतात त्या तायक्वांदोचा. दुसरा वर्ग त्याच नावाच्या, पण वेगळ्या संघटनेच्या तायक्वांदोचा. तिसरा हापकिदोचा; त्यात लाथांपेक्षा मनगट पिरगाळण्यावर आणि आपटण्यावर भर असतो. तिघांनी मिळून एक पुस्तिका काढायचे ठरवले, आणि आमच्या मुलीचे सर मजकुराचे कागद घेऊन घरी आले. "शुद्धलेखन तेवढं बघा, मॅडम. बाकी सगळं तयार आहे."

पहिलेच वाक्य असे होते : 'तायक्वांदो ही कोरियातील दोन हजार वर्षांपूर्वीची प्राचीन युद्धकला आहे.' ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. तरी माझी पेन्सिल तिथेच थांबली. जुन्या वाङ्मयाचे तास घेणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुणी आकडा सांगितला की कोणत्या पोथीत, कोणत्या शिलालेखात, असे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. मी विचारले, "हे कुठं मिळालं, सर?" ते म्हणाले, "सगळ्याच पुस्तकांत आहे." आणि ते खरेच होते. पुष्कळ पुस्तकांत ते आहे. मी चार-आठ दिवस वाचून काढले, काही टिपणे केली, आणि त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "हे मी एकटा नाही ठरवू शकत. रविवारी तिन्ही वर्गांचे लोक बसतोय. तुम्ही या."

त्या रविवारी जी चर्चा झाली, तिला चर्चा म्हणावे की द्वंद्व, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सतरंजीवर दहा-बारा माणसे बसली होती. आमचे सर होते. ते दिवसा बँकेत असतात आणि संध्याकाळी दोजांगमध्ये. दुसऱ्या वर्गाचे गुरू होते. त्यांचे वय पासष्टच्या पुढे, पण पाठ अशी ताठ की बाकीच्यांना आपोआप सरळ बसावेसे वाटावे. त्यांना मुले 'आजोबासर' म्हणतात. हापकिदो शिकवणारी ताई होती. काळ्या पट्ट्याचा एक कॉलेजातला विद्यार्थी होता. आपण जन्मायच्या आधी झालेल्या सगळ्या भांडणांची त्याला खडान्खडा माहिती. आणि कोपऱ्यात आम्ही दोन-तीन पालक.

"दोन हजार वर्षं काढायची? का म्हणून?" आजोबासरांनी सुरुवातच केली. "कोगुर्यो राज्याच्या थडग्यांत भिंतींवर चित्रं आहेत. दोन माणसं पवित्रा घेऊन समोरासमोर उभी आहेत. सोक्कुरामच्या लेण्यात द्वारपाल आहे, मूठ आवळून. हे काय कालचं आहे?"

विद्यार्थी म्हणाला, "सर, चित्र आहे हे कबूल. पण त्या थडग्याचं नावच 'नर्तकांचं थडगं' आहे, आणि ते दीड हजार वर्षांपूर्वीचं. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत म्हणजे ती तायक्वांदो खेळताहेत, हे कशावरून? उद्या वेरूळच्या भिंतीवर कुणी पाय उचललेला दिसला, तर तोही तायक्वांदोच का?"

यावर एक पालक हसले. आजोबासर हसले नाहीत.

वाचकहो, या वादाचे मूळ समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. फार नाही, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जी कोरियन तरुण मुले शिकायला जपानात गेली, त्यांतल्या काहींनी तिथे कराटे शिकून घेतले. ली वॉन-कुक हे गिचिन फुनाकोशी यांच्या हाताखाली शिकले आणि १९४४ साली त्यांनी सोलमध्ये 'चुंग दो क्वान' ही शाळा काढली. 'क्वान' म्हणजे घर, शाळा. आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखेच. १९४५ साली देश मोकळा झाला आणि दोन-तीन वर्षांत अशी आणखी घराणी उभी राहिली : सोंग मू क्वान, मू दुक क्वान, जिदोक्वान, चांग मू क्वान. आणि घराणी म्हटली की पुढचे सांगायला नकोच. जो तो आपल्या शिकवण्याला आपल्या मनाचे नाव देत होता. कुणी 'तांग सू दो' म्हणे, कुणी 'कोंग सू दो', कुणी 'क्वोन बोप'.

यांतली पहिली दोन नावे म्हणजे भाषेच्या अभ्यासकाला मेजवानीच! 'तांग सू' म्हणजे 'तांगचा हात', अर्थात चिनी हात. ही चिनी अक्षरे जपानीत वाचली की त्यांचाच उच्चार 'कराटे' होतो. म्हणजे कोरियन नाव वेगळे दिसले, तरी लिहून दाखवले की तेच! आणि पुढची गंमत अशी की, १९३०च्या दशकात खुद्द जपानी मंडळींनीही त्या नावातले 'तांग' हे अक्षर काढून त्याच उच्चाराचे 'रिकामा' या अर्थाचे दुसरे अक्षर बसवले. ओकिनावा बेटावरच्या लोकांनी जी विद्या घडवताना चीनकडून पुष्कळ घेतले, त्या विद्येच्या नावातून चीन असा अलगद पुसला गेला. उच्चार तसाच राहिला. कोरियनांनी पुढे जपान पुसला. प्रत्येकाने शेजाऱ्याकडून पाणी भरले आणि घागरीवरचे त्याचे नाव घासून काढले.

'तायक्वांदो' हे नाव आले ते यानंतर. १९५४ साली राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यापुढे सैनिकांनी प्रात्यक्षिके केली. नाम ताए-ही या जवानाने मुठीने कौलांची चळत फोडली. आणि राष्ट्राध्यक्ष म्हणाले, हे तर आपले तेक्क्योन! असे सांगतात. तेक्क्योन हा कोरियातला खरोखरीचा जुना, पायांनी खेळायचा लोकखेळ. सोंग दोक-गी नावाच्या एका म्हाताऱ्या माणसाने तो जपला. १९८३ साली कोरियन सरकारने त्याला राष्ट्रीय वारसा ठरवले, आणि २०११ साली तो युनेस्कोच्या यादीतही गेला. त्या शब्दाच्या जवळ जाईल असे नाव हवे म्हणून जनरल चोई होंग-ही यांनी चिनी अक्षरांचा कोश चाळला, आणि 'ताए' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग, असा शब्द घडवला. ११ एप्रिल १९५५ रोजी एका बैठकीत तो स्वीकारला गेला, असे चोई यांचे म्हणणे. चुंग दो क्वानमधल्या काहींचे म्हणणे वेगळे. शब्द आमच्या माणसाने सुचवला, असे ते सांगतात. एवढ्यानेही वाद मिटला नाही. १९६१ साली सगळ्यांना एकत्र आणताना मधला मार्ग म्हणून 'ताए सू दो' हे नाव घेतले गेले, आणि १९६५ साली पुन्हा 'तायक्वांदो' आले. स्वतः चोई जपानात शिकत असताना कराटे शिकले होते.

हापकिदोच्या ताईने या वेळी तोंड उघडले. "आमचं तर त्याहून सोपं आहे. हापकिदो आणि जपानी आयकिदो, दोन्ही एकाच तीन अक्षरांत लिहितात. आमचे मूळ गुरू चोई योंग-सुल जपानात वाढले, दाइतो-र्यू ही विद्या शिकून आले असं त्यांनीच सांगितलं. आता तिथल्या वह्यांत त्यांचं नाव सापडत नाही म्हणून लोक त्यावरही भांडतात! पण जपानातून आलं, हे आम्ही लपवत नाही. त्यानं काय बिघडलं?"

"तुम्हांला बोलायला काय जातंय!" आजोबासर उसळले. "मी पंचेचाळीस वर्षं मुलांना सांगत आलोय, बाळांनो, ही दोन हजार वर्षांची विद्या आहे, हिच्यापुढं नम्र व्हा. आता म्हणू, की नाही रे, सत्तर-ऐंशी वर्षांची आहे, आणि तीही शेजाऱ्याकडून आणलेली? ज्यांनी मला शिकवलं ते काय खोटारडे होते?"

सतरंजीवर शांतता पसरली. हा प्रश्न आता पुस्तिकेचा राहिला नव्हता.

मला त्या क्षणी आजोबासरांचा राग आला नाही. उलट कोरियातली एक हकीकत आठवली. आमच्या व्यवसायातली आहे, म्हणून ती माझ्या मनात घर करून राहिली आहे. जपानी अमलात १९३८पासून शाळांतून कोरियन भाषा मागे सारली गेली. १९४०पासून लोकांना जपानी नावे घ्यायला लावली. आणि १९४२ साली कोरियन भाषेचा कोश तयार करणाऱ्या विद्वानांना पकडून तुरुंगात घातले. गुन्हा कोणता, तर शब्द गोळा करण्याचा! त्यांतले दोघे तुरुंगातच वारले. कोशाची हस्तलिखिते जप्त झाली. देश मुक्त झाल्यावर, १९४५च्या सप्टेंबरात, ती सोल स्टेशनच्या गुदामात पडलेली सापडली. पहिला खंड १९४७ साली निघाला आणि सहावा, शेवटचा, १९५७ साली.

आता सांगा, ज्या देशात माणसाचे नाव, गावातली भाषा, शब्दांचा कोशसुद्धा हिसकावून घेतला गेला, त्या देशातल्या तरुणाने स्वातंत्र्यानंतर आपल्या मुठीला जपानी नाव कसे ठेवावे? "ही विद्या मी त्यांच्याकडून शिकलो" हे वाक्य त्याच्या घशात अडकले, तर त्यात नवल ते काय? दोन हजार वर्षांचे ते वाक्य कुणी पैशांच्या लोभाने रचलेले नाही. ते एका दुखऱ्या जागेवर बांधलेले फडके आहे. फडके बांधणाऱ्याला खोटारडा म्हणायचे कारण नाही. फक्त जखम भरल्यावरही फडके तसेच ठेवले, तर खालची कातडी वारा लागल्यावाचून राहते, एवढेच.

माझ्याच विषयाचे सांगते. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झालाच. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारले, "मॅडम, म्हणजे मराठी नक्की किती वर्षांची?" मी शिलालेख सांगितले, प्राकृत सांगितली, आणि मग फळ्यावर काही शब्द लिहिले : बटाटा, पगार, चावी, फडणीस, चिटणीस. पहिले तीन पोर्तुगीजांकडून आलेले, पुढचे दोन फारसीतून. आडनाव चिटणीस असलेला एक मुलगा पहिल्याच बाकावर होता. तो जरा गोरामोरा झाला. मी म्हटले, "अरे, इतकी पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या घरानं हे नाव वापरलंय. आता ते मराठी नाही असं कोण म्हणेल?" शब्द कुठून आला, हे त्याचे जन्मगाव. त्याला घरात कुणी वाढवले, ही दुसरी गोष्ट. दत्तक मुलाला आपण 'आमचा' म्हणतो तेव्हा खोटे बोलत नाही.

हे सगळे सतरंजीवर बोलावे असे मला वाटत होते. पण त्याआधीच एक वेगळी गोष्ट घडली. विद्यार्थ्याने सहज विचारले, "आजोबासर, तुमच्या पद्धतीत प्रत्येक तुलला माणसाचं नाव असतं ना?"

'तुल' म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका. काल्पनिक शत्रूशी एकट्याने खेळायची लढाई म्हणा. दुसऱ्या संघटनेत तिलाच 'पुम्से' म्हणतात. चोई यांच्या पद्धतीत असे चोवीस तुल आहेत, दिवसाच्या चोवीस तासांइतके. त्यांतले बरेचसे कोरियाच्या इतिहासातल्या माणसांच्या नावाचे. 'जुंग-गुन' हा तुल आन जुंग-गुन या देशभक्ताचा. त्याने १९०९ साली हार्बिन स्टेशनवर इतो हिरोबुमी या जपानी मुत्सद्द्याला गोळी घातली, आणि पुढच्या वर्षी त्याला फाशी झाली. त्या तुलमध्ये बत्तीस हालचाली आहेत, कारण कोरियन मोजणीने फाशीच्या वेळी त्याचे वय बत्तीस होते. नौसेनापती यी सुन-शिन याचा 'चुंग-मू' डाव्या हाताच्या प्रहाराने संपतो. त्याच्या अकाली मृत्यूची ती खूण. इतिहासाचे पुस्तक शत्रू जाळू शकतो. पण मुलांच्या हातापायांत लिहिलेला इतिहास कसा जाळणार? या कल्पनेचे मला मनापासून कौतुक वाटते.

आजोबासर उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले, पण एकदा उभे राहिल्यावर त्यांचे वय कुठल्या कुठे गेले. त्यांनी सभागृहाच्या मध्यभागी जाऊन नमस्कार केला आणि सात-आठ हालचाली केल्या. सावकाश, एकेक जागच्या जागी. मग थांबून म्हणाले, "ह्याचं नाव को-दांग. मी हा शिकलो तेव्हा पुस्तकात होता. पुढं काढून टाकला. त्या जागी दुसरा आला. आम्हांला सांगितलं, आता हा शिकवायचा नाही."

"को-दांग कोण?" ताईने विचारले.

"चो मान-सिक. त्यांना कोरियाचे गांधी म्हणायचे."

एवढेच बोलून ते खाली बसले. बाकीचे विद्यार्थ्याने सांगितले. चोई यांचे दक्षिण कोरियाच्या सरकारशी पटेना; ते १९७२ साली कॅनडात गेले. त्यांची संघटना १९६६ साली सोलमध्ये स्थापन झालेली. ती त्यांच्याबरोबर गेली. दक्षिणेने १९७३ साली दुसरी जागतिक संघटना उभी केली. २००० साली सिडनीला तायक्वांदोला ऑलिंपिक पदके मिळू लागली ती याच दुसऱ्या पद्धतीला. दक्षिणेतल्या इतिहासांत चोई यांचे नाव पुष्कळ वर्षे जवळपास घेतलेच जाईना. इकडे चोई उत्तर कोरियाच्या जवळ गेले, आणि साम्यवाद्यांना विरोध करणाऱ्या चो मान-सिक यांच्या नावाचा तुल काढून त्या जागी उत्तरेच्या राज्यकर्त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या नावाचा 'जुचे' आला. २००२ साली चोई प्योंगयांगला वारले, आणि त्यांच्या संघटनेचेही तुकडे झाले.

म्हणजे जपानचे नाव पुसले ते पुसले. पण खोडरबर एकदा हातात आले की ते एकाच शब्दावर थांबत नाही. दक्षिणेने चोई पुसले. चोई यांनी को-दांग पुसला. आणि ज्या आजोबासरांनी पंचेचाळीस वर्षे दोन हजार वर्षांचे वाक्य राखले, त्यांच्याच अंगात एक पुसलेला माणूस जिवंत राहिला होता. सभागृहात कुणीच काही बोलेना. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा भोंगा वाजत होता, तो तेवढा ऐकू येत होता.

मग आमच्या सरांनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, तुमच्या टिपणात ते राजाच्या पुस्तकाचं होतं ना? ते वाचा."

ते पुस्तक म्हणजे 'मुये दोबो तोंगजी'. कोरियाचा राजा जोंगजो याच्या आज्ञेने यी दोक-मू, पाक जे-गा आणि बेक दोंग-सू या तिघांनी १७९० साली ते सिद्ध केले. त्यात चित्रांसह चोवीस युद्धविद्या सांगितल्या आहेत. भाला आहे, तलवार आहे, घोड्यावरच्या विद्या आहेत, आणि नुसत्या हातांनी लढण्याचेही एक प्रकरण आहे. मला त्यातली नावे वाचून आश्चर्य वाटले. एका प्रकरणाचे नाव 'स्वदेशीय तलवार'. दुसऱ्याचे नाव सरळ 'जपानी तलवार'! आता ध्यानात घ्या, १५९२ ते १५९८ या काळात जपानने स्वाऱ्या करून कोरिया उद्ध्वस्त केला होता. गावेच्या गावे जळाली होती. त्यानंतर दोनशे वर्षांनी कोरियाचा राजा आपल्या सैनिकांसाठी पुस्तक करवतो, त्यात त्याच जपानची तलवारबाजी शिकवतो, आणि तिला जपानीच म्हणतो. मुष्टियुद्धाच्या प्रकरणात तर चिनी सेनापती छी जिग्वांग याच्या ग्रंथाचा आधार उघड घेतला आहे. जे ज्याचे, ते त्याच्या नावावर लिहिले. असे असूनही आज कोरियन लोक ते पुस्तक आपल्या अभिमानाचा ठेवा मानतात, आणि त्यात काही वावगे नाही.

मी वाचून थांबले. आजोबासर बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. मग म्हणाले, "राजाला लाज वाटली नाही, तर आपण कोण?"

यानंतर पहिले वाक्य लिहायला चाळीस मिनिटे लागली. सूचना भराभर येत होत्या. 'प्राचीन' हवे की 'आधुनिक'? 'जपानी' शब्द पहिल्या वाक्यात नको, दुसऱ्यात चालेल. दोन संघटनांपैकी आधी कुणाचे नाव? (हा वाद अकरा मिनिटे चालला आणि शेवटी स्थापनेच्या सालाप्रमाणे लावायचे ठरले.) विद्यार्थ्याने सांगितले की २०१४ साली दोन्ही संघटनांनी करार केला, आणि २०१७ साली दक्षिण कोरियातल्या मुजू गावी विश्वस्पर्धेत उत्तरेच्या मंडळींनी येऊन प्रात्यक्षिके केली. "ते एका मंचावर येतात, आपण एका पानावर येऊ शकत नाही?" यावर सगळे हसले, या वेळी आजोबासरही.

शेवटी जे वाक्य ठरले ते असे : 'तायक्वांदो ही १९४५नंतर कोरियात आकाराला आलेली युद्धकला आहे.' दुसरे वाक्य आजोबासरांनी स्वतः सांगितले. मी फक्त लिहून घेतले. 'ज्यांनी ती घडवली त्यांच्यापैकी अनेकांनी जपानी कराटेचे शिक्षण घेतले होते. कोरियातल्या जुन्या पदाघाताच्या खेळाची आठवण जागी ठेवून त्यांनी ती आपली केली.' मी सवयीने म्हटले, "सर, 'आपली केली' जरा बोलण्यातलं वाटतं. 'आत्मसात केली' करू का?"

"नको," ते म्हणाले. "आत्मसात कुणीही करतं. आपली करायला आयुष्य जातं. ते तसंच राहू द्या."

मी ते तसेच राहू दिले. इतकी वर्षे शब्दांची उस्तवार करते आहे. पण या दोन शब्दांतला फरक मला कुणी इतका नेमका सांगितला नव्हता.

पुस्तिका छापून आली. आजोबासरांना जी भीती वाटत होती, तसे काही झाले नाही. वर्गातले एकही मूल गळले नाही. बहुतेक पालकांनी पहिले पान उलटून थेट शुल्काचे पान काढले आणि "पुन्हा वाढवलंत?" असे विचारले. इतिहासाबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. मुलांना तर कलेच्या वयाशी काही कर्तव्यच नव्हते. दोन हजार वर्षे असोत की ऐंशी, लाथ उंच जाते की नाही, एवढेच ती पाहत होती.

एक मात्र झाले. आता शनिवारी सायंकाळी वर्ग सुटल्यावर आजोबासर दहा मिनिटे थांबतात. ज्यांना हवे त्यांनी राहायचे. आमच्या मुलीच्या वर्गातलीही काही मुले राहतात. ते त्यांना को-दांग शिकवतात. परीक्षेत तो विचारत नाहीत, त्याला गुण नाहीत, त्यासाठी पट्ट्याचा रंग बदलत नाही. शिकवण्याआधी ते फक्त एवढे सांगतात की हे एका माणसाचे नाव आहे.